खांडीपलीकडची वाट

लग्न होऊन सासरी आले त्या दिवशीच मी विचारून बसले, "हे गाव आहे की बेट?" भोवतीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. सून तोंडाळ निघाली, हे त्यांनी तिथंच ओळखलं असणार. आता माझे हात कापतात, सुईत दोरा जात नाही, पण तोंड मात्र शाबूत आहे. म्हणून म्हटलं, हे एकदा सांगून टाकावं.

माझं माहेर श्रीवर्धनकडचं. सुपारीच्या वाडीत वाढलेली मी. तिथं भर दुपारीही पाय गार राहायचे. आणि इथं, धरमतरच्या खाडीकाठी, डोक्यावर सावली म्हणून औषधाला नाही. गावाच्या तीन बाजूंना खाजण. म्हणजे भरतीला पाणी, ओहोटीला चिखल, आणि मधूनमधून तिवरांची झुडपं. हे खारं पाणी अडवायला मातीचा उंच बांध घातलेला, आणि बांधाच्या आत सगळ्या गावाची भातशेती. पावसाचं गोडं पाणी बाहेर सोडायला बांधात एके ठिकाणी लाकडी दार होतं, त्याला उघाडी म्हणायचे. गावातून बाहेर पडायचं तर त्या बांधाच्या माथ्यावरूनच. डोंगराच्या अंगानं एक गाडीवाट होती, पण तिनं तालुक्याच्या गावाला जायचं म्हणजे सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीला पोचायचा.

आमचे हे शाळामास्तर. शाळा खाजणापलीकडच्या गावात. पहिली काही वर्षं चालत गेले, मग मुंबईहून एक जुनी सायकल घेऊन आले. बोटीनं रेवसच्या धक्क्याला उतरवली आणि तिथून चालवत आणली. अख्खा गाव बघायला लोटला. कोणी घंटी वाजवून बघतंय, कोणी चाक फिरवतंय. गावात तिला पायगाडी म्हणत. एक म्हातारा म्हणाला, "मास्तर, ही खाते काय?" सासूबाईंनी हँडलला हळदकुंकू लावलं, चाकाखाली नारळ फोडला आणि मग मला म्हणाल्या, "तू लांब राहा तिच्यापासून." झालं! मला तेवढंच पुरे होतं.

ह्यांना वाटांचं वेड. शाळेला जायची एकच वाट, पण सुट्टीच्या दिवशी हे सायकल काढून खाजणातल्या नवनव्या वाटा धुंडाळत हिंडायचे. पावसाळ्यात शेतांमधल्या आतल्या बांधावरून उघाडीपर्यंत जायचं, कारण तिथं गवत दाट, चाक घसरत नाही. दिवाळीनंतर बाहेरचा बांध सुकून कडक व्हायचा, मग त्याच्यावरून. डाव्या हाताला भाताच्या कापलेल्या शेतात बगळे, उजव्या हाताला चिखलात चोची खुपसत धावणारे तुतारी पक्षी, आणि पाणी उतरलं की चिखलातल्या निवट्या माशांची उड्या मारत पळापळ. शिमग्याच्या सुमाराला तिसरी वाट उघडायची, ती मिठागरांमधून. दोन्हीकडं मिठाचे पांढरे ढीग आणि मधून हातभर रुंद वाट. तिच्यावर सायकल चालवायची म्हणजे डोळ्यांना आंधळं करणारं ऊन. पण त्या वाटेच्या टोकाला एक उथळ तळं होतं आणि तिथं उन्हाळ्याच्या तोंडाला तांबूस लांब मानेचे रोहित पक्षी उतरायचे. हे घरी येऊन सांगायचे, "आज शंभर तरी होते." मी म्हणायची, "मोजलेत? मग बाजारातून हिंग आणायचं कसं विसरलात?"

खरं म्हणजे मला मत्सर वाटायचा. मी घरात चुलीपुढं, आणि हे पक्षी मोजतायत. एके दिवशी मी स्पष्टच म्हटलं, "मलाही शिकवा." हे घाबरले. बायकोला नाही म्हणायचं धैर्य नव्हतं आणि आईला सांगायचंही. मग आम्ही युक्ती केली. रविवारी दुपारी मी कपड्यांचं गाठोडं घेऊन उघाडीकडं निघायची, हे सायकल घेऊन वेगळ्या वाटेनं यायचे. नऊवारीचा कासोटा घट्ट मारला की पुरुषी सायकलवर बसता येतं, हे मला तेव्हा कळलं. मधल्या दांडीवरून पाय टाकताना पहिल्यांदा जी कोसळले ती थेट चिखलात. हे पोट धरून हसले. मी चिखलाचा गोळा उचलून त्यांच्या टोपीवर मारला. शिकायला फार दिवस लागले नाहीत. ज्या दिवशी ह्यांनी मागचा हात सोडला आणि मला कळलंच नाही, त्या दिवशी मी पार दुसऱ्या टोकापर्यंत गेले. वारा कानात शिरत होता. मला माहेरची आठवण आली नाही, असा लग्नानंतरचा तो पहिला दिवस.

चोरी किती दिवस लपणार? चिंबोऱ्या पकडायला गेलेल्या बायकांनी बघितलं आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं. "मास्तरणीला लाजलज्जा न्हाय." सासूबाईंनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. मग तिसऱ्या दिवशी त्यांच्या गुडघ्याला लावायचं तेल संपलं, ह्यांना वेळ नव्हता, आणि त्या मला म्हणाल्या, "तुझ्या त्या गाडीवरून जाऊन येशील?" मी आले जाऊन. त्यानंतर कोणी काही बोललं नाही. उलट बायकाच हळूच यायच्या, "बाय, माज्या लेकीकडं निरोप देशील?" नाही म्हणायला तोंड नव्हतं माझं, आणि मला तर निमित्तच हवं असायचं.

मग आमची मुलगी झाली. ह्यांनी सायकलच्या दांडीवर वेताची छोटी बैठक बांधून घेतली. चालायला लागायच्या आधी ती सायकलवर बसायला लागली. हे तिला संध्याकाळी बांधावरून हिंडवून आणायचे. मी उंबऱ्यात उभी राहून वाट बघायची आणि लांबूनच तिचं ओरडणं ऐकू यायचं. दिसेल त्या पक्ष्याला ती नाव ठेवायची. बगळ्याला ती 'भट' म्हणायची. पांढरं सोवळं नेसून उभा असतो म्हणून असेल. सासूबाईंना तेवढंच सोसवायचं नाही, पण हसूही आवरायचं नाही.

आता त्या बांधाचं सांगायला हवं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी बांधाच्या माथ्याला टेकायचं. कुठं खेकड्याचं बीळ असलं, कुठं माती भुसभुशीत झालेली असली, की पाणी तिथनं घुसायचं आणि बघताबघता बांध फुटायचा. त्याला खांड पडली म्हणत. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की दोन-तीन वर्षं त्या जमिनीत गवताची काडी उगवत नाही. म्हणून खांड पडली की ढोल वाजायचा, आणि बांधाआतल्या खारीत ज्याचं शेत आहे त्या प्रत्येक घरातला एक बाप्या हातातलं काम टाकून बांधावर जायचा. मग तो मास्तर असो नाहीतर कोणी असो. आमच्या घरात सासरे केव्हाच गेलेले, दीर नाही, म्हणजे जायचं ते ह्यांनीच.

खांड बुजवायची रीत अशी. आधी खुंट ठोकायचे, त्यांना झावळ्यांचे विणलेले झाप टेकवायचे, आणि त्या झापांना पाठ लावून माणसांनी एका ओळीत पाण्यात उभं राहायचं. पाठीनं झाप दाबून धरायचे आणि हातांनी चिखलाची ढेकळं एकाकडून दुसऱ्याकडं देत जायची. चिखल धरेपर्यंत ओळीतल्या कोणी हलायचं नाही. एक जरी हलला तरी तेवढ्या फटीतनं पाणी सगळं घेऊन जायचं. आणि म्हणून गावात एक नियम होता. ओळीत उभ्या असलेल्या माणसाला घरच्यांनी हाक मारायची नाही.

मला हा नियम सासूबाईंनी सांगितला तेव्हा मी विचारलं होतं, "घराला आग लागली तरी?"

"तरी."

"घरात कोणी मेलं तरी?"

"माझा बाप गेला तेव्हा तुझे सासरे ओळीत होते. मी बांधापर्यंत जाऊन परत आले. हाक नाही मारली."

"मेलं हे कसलं शास्त्र!" मी म्हटलं. सासूबाईंनी मग सांगितलं की त्यांच्या लहानपणी एका बाईनं नवऱ्याला हाक मारली होती, तो वळला, आणि बांध गेला. निम्मा गाव पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांत गेला तो पुन्हा आला नाही. त्या बाईचं नाव अजून गावात कोणी घेत नसे. मी गप्प बसले. पण पटलं म्हणून नव्हे.

मिठाची चळवळ होऊन गेली होती त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. भाद्रपद संपत आला होता, शेतात भात पोटरीला आलेलं. मुलीला ताप भरला. आधी वाटलं, साधा असेल. काढा दिला, तुळशीचा रस दिला. मग गळा सुजला आणि श्वास घेताना घरघर आवाज यायला लागला. ह्यांनी कंदील धरून तिच्या घशात बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. घशात पांढरा पापुद्रा धरला होता. शाळेतल्या एका मुलाला तसं झालेलं त्यांनी बघितलं होतं. घटसर्प. तालुक्याच्या गावी डॉक्टर होता आणि त्याच्याकडं या रोगाची सुई असते, असं ह्यांनी ऐकलं होतं. उजाडलं की तिला सायकलवर घेऊन निघायचं ठरलं. मी तिला गोधडीत गुंडाळलं. ह्यांनी सायकल अंगणात आणून लावली.

आणि ढोल वाजला.

सर्वपित्री अमावास्येचा दिवस. रात्रीच्या उधाणानं बांध फोडला होता. दुपारची भरती यायच्या आत खांड बुजायला हवी होती, नाहीतर दारात आलेलं पीक गेलं म्हणून समजायचं. हे सायकलचं हँडल धरून उभे राहिले. रस्त्यानं माणसं धावत चालली होती. कोणी आमच्या घराकडं बघितलं नाही, कोणी ह्यांना हाक मारली नाही. त्याची गरजच नव्हती.

"दुपारपर्यंत बुजेल," हे म्हणाले, "मग लगेच निघू."

माझ्या अंगाची आग झाली. "जा," मी म्हटलं. "जा, सांभाळा तुमचा बांध. पोर काय, दुसरं होईल!"

असं म्हणाले मी. ह्यांनी सायकल भिंतीला टेकवली, मुलीच्या कपाळावर हात ठेवला आणि गेले. त्यांचा पाय निघत नव्हता हे मला दिसत होतं. दिसत असूनही मी बोलले, कारण मला त्यांना थांबवायचं होतं आणि दुसरं काही सुचत नव्हतं.

ऊन चढलं तशी घरघर वाढली. मुलगी मान मागं टाकून श्वास ओढायला लागली. छातीच्या फासळ्या आत जाताना दिसायच्या. गावात पुरुष म्हणून कोणी उरलं नव्हतं, होड्या सगळ्या चिखल वाहायला गेलेल्या, आणि गाडीवाटेनं संध्याकाळ झाली असती. मी उठले, कासोटा आवळला आणि सासूबाईंना म्हटलं, "हिला माझ्या पाठीला बांधा." मला वाटलं, आता या अडवतील. त्यांनी आपलं जुनं लुगडं फाडलं आणि तिला माझ्या पाठीशी घट्ट बांधलं. एवढंच म्हणाल्या, "खांड कुठं पडलीय ठाऊक नाही. तुझ्या वाटेवर नसली म्हणजे मिळवली."

माझ्या वाटेवरच होती. उघाडीच्या पुढं सायकलनं वळण घेतलं आणि समोर बांधच नव्हता. मधल्या भगदाडातून पाणी आत वाहत होतं आणि त्या पाण्यात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, माणसांची ओळ उभी होती. कमरेपर्यंत पाणी, कोणाच्या छातीपर्यंत. दोन्ही टोकांकडून चिखलाची ढेकळं हातोहात मधे जात होती. भरतीला सुरुवात झाली होती. आणि पलीकडच्या टोकाच्या जरा अलीकडं आमचे हे उभे होते. टोपी नाही, डोक्यापासून चिखलानं माखलेले. त्यांनी मला बघितलं. मी त्यांना बघितलं.

मी हाक मारली नाही. आयुष्यात एवढं गप्प राहायला मला कधी जमलं नव्हतं.

या टोकाला उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "काय झालं, बाय?" मी पाठ दाखवली. त्याला ती घरघर ऐकू आली. त्यानं एकदा ओळीकडं बघितलं, एकदा चढत्या पाण्याकडं. ओळ फोडून मला वाट देता येत नव्हती. मग तो म्हणाला, "दे हिकडं. हातावरून नेतू."

मी गाठ सोडली. मुलीनं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. तिला पहिल्या माणसाच्या हातात दिलं, त्यानं दुसऱ्याच्या, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या. ढेकळं थांबली होती. चिखलाच्या हातांवरून माझी पोर पुढं चालली होती आणि कोणी एक शब्द बोलत नव्हतं. तिच्यामागून सायकल निघाली. आणि सायकलमागून मी, आतल्या बाजूनं, एकेकाच्या खांद्याला धरत, पाण्यातून. पोर ह्यांच्या हातात पोचली तेव्हा मी अजून मधेच होते. मी बघितलं, त्यांनी तिला छातीशी धरलं, तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि पुढच्या माणसाकडं दिली. मी त्यांच्या खांद्याला धरून पुढं गेले तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. फक्त म्हणाले, "जा."

मला राग आला. पोर मरणाच्या दारात, बायको पाण्यातून चाललीय, आणि मान वर करायलाही होत नाही माणसाला? पलीकडच्या टोकाला एका काळ्या दाढीच्या शेतकऱ्यानं तिला माझ्या पाठीला बांधून दिलं. तिच्या तोंडावर लुगड्याचं टोक ओढलं आणि म्हणाला, "ऊन लागंल पोरीला. जा बाय, सांबालून जा." मी सायकलवर चढले.

थोडं पुढं गेल्यावर माझ्या लक्षात आलं, घरघर थांबली होती. मी सायकल हळू केली आणि कान देऊन ऐकलं. काही आवाज नव्हता. पाठीवर ती निवांत टेकलेली होती, मघासारखी ताठ नव्हती. मला काय वाटलं असेल सांगा? वाटलं, उतार पडला! गार वाऱ्यानं घसा मोकळा झाला, थकून झोपली बिचारी. माझ्या अंगात एकदम बळ आलं. मी अशी सायकल हाणली, अशी हाणली, की तसली पुन्हा कधी चालवली नाही. बांध संपून सडक लागली. आणि मी तिच्याशी बोलत होते. तो बघ भट उभा आहे. तो बघ दुसरा. आता डॉक्टरकाका सुई देतील, रडायचं नाही हं, येताना पेढा घेऊ. खड्डा आला की म्हणायची, "लागलं का गं सोने? झोप, झोप." सडकेवरची माणसं थांबून बघत होती. मी कोणाकडं लक्ष दिलं नाही.

डॉक्टरांनी गाठ सोडली, तिला टेबलावर ठेवलं आणि तोंडावरचं लुगड्याचं टोक बाजूला केलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, उशीर झाला." तिच्या दोन्ही पापण्यांवर चिखल लागून वाळला होता. मला आठवतंय, मी पदर ओला करून आधी तो पुसला. ह्यांना एवढंही कळलं नाही, चिखलाचे हात पोरीच्या डोळ्यांना लावले, असं मनात आलं. कसल्या वेळी माणसाच्या मनात काय येतं बघा.

खांड बुजली. भात वाचलं. गावानं त्यानंतर आम्हाला फार जपलं, खोटं कशाला बोलू. दर वर्षी नवा तांदूळ निघाला की पहिली पायली आमच्या घरी यायची. तो काळ्या दाढीचा शेतकरी स्वतः आणून द्यायचा, ओट्यावर ठेवायचा आणि न बसता जायचा. मला वाटायचं, किती माया या माणसांना!

मी सायकलला पुन्हा हात लावला नाही. माझ्या मनात एकच होतं. घसा मोकळा झाला होता, पोर झोपली होती, आणि मी वेड्यासारखी सायकल हाणली. त्या सडकेवरच्या हिसक्यांनी ती गेली. हे मी ह्यांना कितीदा बोलून दाखवलं. हे ऐकून घ्यायचे आणि उठून जायचे. पण त्याच्याच जोडीला मी दुसरंही सांगायची, की वाटेत तिला दुखत नव्हतं, ती माझ्या पाठीवर शांत झोपली होती, माझं बोलणं तिला ऐकू येत होतं. तेवढंच एक माझ्याजवळ होतं. रात्री झोप आली नाही की मी ती वाट मनातल्या मनात पुन्हा करायची.

पुढं मुलगा झाला. तो तीन-चार वर्षांचा असताना एका रविवारी ह्यांनी सायकल अंगणात काढली, पुसली, तेलपाणी केलं आणि त्याला उचलून दांडीवर बसवलं. पोरगं खिदळायला लागलं. मी आतून पळी घेऊन धावले.

"उतरवा त्याला! आधी उतरवा! एक पोर मी त्या सायकलवर मारली. हा नाही द्यायची."

ह्यांनी त्याला खाली उतरवलं, आजीकडं पाठवलं आणि पायरीवर बसले. बराच वेळ हाताची बोटं पुसत राहिले.

"सायकलवर नाही गेली ती," हे म्हणाले.

"म्हणजे?"

"ओळीत गेली. माझ्या हातात आली तेव्हाच गेलेली होती. डोळे उघडे होते. मी मिटले."

त्या पापण्यांवरचा चिखल मी या हातांनी पुसला होता.

"आणि तुमच्या पुढचे? ज्यांनी तिला माझ्या पाठीला बांधलं ते?"

"त्यांनाही कळलं."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. तो दाढीवाला ठाऊक असून म्हणाला होता, ऊन लागंल पोरीला. आणि इतकी वर्षं त्याचा तांदूळ मी शिजवून खात होते! मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि पोराला घेऊन शेजारी निघून गेल्या. हे खाली मान घालून ऐकत होते.

"सांगितलं का नाही?"

"तिथं सांगितलं असतं तर तू किंचाळली असतीस. मी ओळीतून बाहेर आलो असतो."

"आणि नंतर? हिसक्यांनी गेली, माझ्यामुळं गेली, म्हणून मी जळत होते, तेव्हा?"

"तू म्हणायचीस ना, वाटेत ती झोपली होती, तू बोलत होतीस, तिला ऐकू येत होतं. एक काढून घेतलं तर दुसरंही जाणार होतं. मला धीर झाला नाही."

मी त्यांच्यासमोर खाली बसले. मला एकच विचारायचं होतं.

"मला 'जा' म्हणालात, ते माझ्यासाठी की बांधासाठी?"

ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं. मग म्हणाले, "ठाऊक नाही गं. मी पण तेच विचारत असतो."

खोटं बोलले असते तरी मी ते खरं धरून चालले असते. पण खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. पोर माझ्या हातून गेली नाही, हे कळल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. मी तिथंच बसून रडले, आणि खरं सांगते, ते तिच्यासाठी नव्हतं. तिच्यासाठी रडून झालं होतं. खांडीपलीकडं सायकल हाणत गेलेली ती बाई माझ्या डोळ्यांपुढून हलेना. केवढी खुशीत होती ती! भट दाखवत होती, पेढा कबूल करत होती, खड्डा आला की लागलं का म्हणून विचारत होती, आणि त्या सबंध वाटेवर ती एकटीच होती.